नदीकडची ओळ

ट्रेलर आणायला ते दोघं त्यांच्या शेतकरी मित्राच्या, कूनच्या कोठारावर गेले तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. हॉलंडच्या त्या उत्तरेकडच्या सपाट मुलखात ऑक्टोबरात असं ऊन पडलं की माणसं उगीचच एकमेकांशी गोड बोलतात. बेरेंड तर सकाळपासून शीळ घालत होता.

ट्रेलर तसा छोटाच. मिटलेला असताना दोन चाकांवरची पत्र्याची पेटी, कमरेएवढी. झाकण उघडून पलीकडे टाकलं की आतून तंबू उभा राहायचा, दोन्ही अंगांना बिछाने आणि मध्ये स्वयंपाकाचा ओटा. बेरेंड आणि रोलिनने संसारातल्या बहुतेक सुट्ट्या याच पेटीत काढल्या होत्या. मुलीची पहिली पावलं याच तंबूच्या दारात पडली होती. सुट्ट्या नसताना ट्रेलर कूनच्या कोठारात गवताच्या गठ्ठ्यांशेजारी पडून असायचा, आणि कून त्याबद्दल भाड्याऐवजी थट्टा वसूल करायचा.

"बेरेंड, तू गाडीला ट्रेलर लावतोयस की ट्रेलरला गाडी?"

गाडी होतीच तशी. जुनी दणकट गाडी त्यांनी उन्हाळ्याआधी विकली होती आणि बाजारहाटापुरती ही चिमुकली घेतली होती. बेरेंड हसला. कागदोपत्री ही गाडी एवढं वजन ओढू शकते, हे त्याने कूनला सांगितलं. रोलिन मात्र हसली नाही.

वसंतात बेरेंड स्वयंपाकघरात कोसळला होता. छाती उघडून हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी निरोप देताना सांगितलं होतं, चाला, सायकल चालवा, गाडी चालवा, पण ओढणं-ढकलणं बंद म्हणजे बंद. उन्हाळाभर तो खिडकीत बसून लोकांचे तंबू-ट्रेलर दक्षिणेकडे जाताना बघत राहिला. रोलिनला ते बघवेना. शेवटी एका अटीवर ती सहलीला कबूल झाली. तो जड कामाला हात लावणार नाही. सगळं ती करेल.

आणि तिने केलंही. ट्रेलरच्या पुढच्या छोट्या टेकूच्या चाकाची मूठ फिरवून दांडा वर उचलला, गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसवला, खटका लागल्याचा आवाज ऐकला, दिव्यांची वायर जोडली. बेरेंड खिशात हात घालून शेजारी उभा राहून सूचना देत होता. ऑपरेशनपेक्षा त्याला हेच जास्त जड गेलं असावं.

गाडी तीच चालवत होती. ट्रेलर इतका बुटका की आरशात दिसायचाच नाही. वळणावर त्याचा एक कोपरा डोकावायचा तेवढाच. सपाटीवर चिमुकलीने चांगलं निभावलं. बेल्जियममधली डोंगराळ वाट लागली तशी ती कुरकुरायला लागली, मागून येणारे ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले, आणि त्यांच्या नेहमीच्या कॅम्पिंगवर पोचून बघतात तो फाटक बंद. हंगाम संपला होता.

"फोन करायचा होतास," रोलिन म्हणाली.

"इतकी वर्षं कधी केलाय?"

बेरेंडचा चेहरा इतका उतरला की तिने पुढे ताणलं नाही. दुसरी जागा शोधत ते दरीत उतरत गेले. डोंगरावरून धुकंही त्यांच्याबरोबर उतरत होतं. दिवेलागण व्हायला आली होती. एका वळणावर तंबूचं चित्र काढलेली पाटी दिसली, अरुंद रस्ता दिसला आणि रस्त्याच्या टोकाला उघडं फाटक. आत एक लाकडी खोली, बंद. दारावर तीन भाषांत लिहिलेलं, आवडेल ती जागा घ्या, सकाळी भेटू. लहान कॅम्पिंगांवर असा भरवशाचा कारभार नेहमीचाच, म्हणून दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

कुरण उताराचं होतं. खाली कुठेतरी नदी वाहत होती. दिसत नव्हती, पण तिचा आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटत होता. रोलिनने गाडी गवतावर घातली आणि तिला लगेच आपली चूक कळली. गवत ओलं निथळत होतं. मागे वजन, पुढे हलकी गाडी; चाकं नुसती जागच्या जागी फिरायला लागली. पुढे जावं तर घसरण, मागे यावं तर ट्रेलर आडवा. आता एकच उपाय होता. ट्रेलर इथेच सोडायचा आणि गाडी एकटी वर न्यायची.

"मग ट्रेलरचं काय?" बेरेंड म्हणाला. "असा उतारावर तिरका उभा करून त्यात झोपायचं?"

"गावात हॉटेल बघू."

"हॉटेलातच झोपायचं होतं तर हा कशाला आणला?" तो खाली उतरला. "खाली सपाट असणार. थोडंसंच ढकलायचंय."

"तू हात लावायचा नाहीस, बेरेंड. मी एकदाच सांगतेय."

तिने ट्रेलरचा हातब्रेक ओढला, दांडा सोडवला आणि गाडी कशीबशी वर खडीवर नेली. परत उतरताना तिच्या मनात एकच विचार होता, की हा मठ्ठ माणूस आपण येईपर्यंत ढकलायला लागला नाही म्हणजे मिळवली.

कॅम्पिंगवरच्या लोकांची एक रीत आहे. ट्रेलरचं छोटं चाक दगडांवर खडखडलं की आजूबाजूच्या तंबूंतून माणसं बाहेर येतात. कुणी सूप अर्धवट टाकून येतं, कुणी हातातला कप गवतावर ठेवून. नाव-गाव विचारत नाहीत. पत्र्याला हात लावतात, ढकलतात, जागेवर बसवतात आणि आपापल्या सुपाकडे परत जातात. ही मदत कुणी मागत नाही आणि कुणी नाकारतही नाही.

रोलिन खाली पोचली तेव्हा ट्रेलरमागे माणसं उभी होती.

तिला हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. सहा-सात जण असतील, धुक्यात नीट मोजता येत नव्हते. लोकरी टोपी घातलेली एक बाई पुढे आली आणि रोलिनच्याच भाषेत, जवळपास रोलिनच्याच गावच्या हेलात म्हणाली, "आमच्या ओळीत जागा आहे. नदीकडच्या."

"फार उपकार होतील हो. फक्त यांना जोर लावू देऊ नका. हृदयाचं ऑपरेशन झालंय."

"ते नुसता दांडा धरू देत," बाई म्हणाली. "जोर आमचा."

बेरेंडने मोठ्या आशेने रोलिनकडे बघितलं. नुसता दांडा धरायला काय हरकत आहे, तिला वाटलं. सहा महिने हा माणूस घरात अडगळ होऊन बसलाय. तिने मान हलवली. हातब्रेक तिनेच सोडला.

दांडा धरणारा ट्रेलरकडे तोंड करून उलटा चालतो. बेरेंडची पाठ नदीकडे होती. दोन्ही मुठी छातीपुढे धरून तो पाऊल पाऊल मागे जात होता आणि जुन्या सवयीने सांगत होता, "येऊ द्या... जरा डावीकडे... हां, येऊ द्या..." ट्रेलर लोण्यातून सुरी जावी तसा सरकत होता. रोलिन बाजूने चालली होती.

आधी तिला वास आला. चिखलाचा, आणि ओला तंबू तसाच घडी करून ठेवला तर हिवाळ्यानंतर येतो तसला आंबूस. मग तिचं लक्ष शेवटच्या माणसाच्या पायांकडे गेलं. घरात घालायच्या सपाता होत्या त्या, भिजून काळ्या झालेल्या. त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. पाऊस नव्हता.

"तुमचे तंबू कुठे आहेत?" तिने विचारलं. समोर धुक्यात एकही दिवा दिसत नव्हता.

"हे काय, आलेच," लोकरी टोपीवाली म्हणाली.

गारठा चांगलाच होता. बेरेंडच्या तोंडातून वाफ निघत होती, तिच्याही निघत होती. ढकलणारा माणूस धापा टाकतो, कण्हतो, निदान नाकाने तरी फुसफुसतो. इथे इतकी माणसं माना खाली घालून ढकलत होती आणि कुणाच्याच तोंडातून वाफ येत नव्हती...

गवत संपलं. चाकाखाली गोटे वाजले. मग चाकाचा आवाज बदलला आणि रोलिनच्या बुटांत गार पाणी शिरलं.

"बेरेंड... थांब. पाणी आहे."

तो थांबला नाही.

"बेरेंड, दांडा सोड."

"जड नाहीये गं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे तिने वसंतानंतर बघितलं नव्हतं. "अजिबात जड नाहीये."

तिने झेप घेऊन हातब्रेक ओढला. चाकं अडकली, आणि अडकलेली चाकं तशीच गोट्यांवरून घसरत पुढे निघाली. पाणी त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं. तिने त्याचा कोट ओढला, एकेक बोट सोडवायचा प्रयत्न केला. बोटं लाकडासारखी घट्ट झाली होती. पाणी कमरेला लागलं, ओढ जाणवायला लागली. तिला त्याचा इतका राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त, की तिने वाकून त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्ताची चव तोंडात आली तेव्हा त्याची मूठ सुटली आणि दोघंही बाजूला पाण्यात कोलमडले.

ट्रेलर त्यांच्या शेजारून पुढे गेला. त्याच्यामागून ती माणसं गेली, एकामागून एक, कसलीही घाई न करता. पाणी त्यांच्या छातीपर्यंत चढलं, खांद्यांपर्यंत चढलं, तरी हात पत्र्यावरून हलले नाहीत. लोकरी टोपीवाली जाता जाता त्यांच्याकडे वळून अगदी शेजारधर्माने म्हणाली, "जागा धरून ठेवतो."

मग नुसतं धुकं राहिलं आणि नदीचा आवाज.

वरच्या गावातल्या खानावळीच्या मालकिणीने त्यांना टॉवेल दिले, चुलीजवळ बसवलं, सूप पुढे ठेवलं. कुठून आलात म्हणून विचारलं आणि ऐकल्यावर बराच वेळ काउंटर पुसत राहिली. ते कॅम्पिंग कधीच बंद झालंय, तिने सांगितलं. काही वर्षांपूर्वी एका रात्री नदीला लोंढा आला आणि नदीकडची तंबूंची ओळ माणसांसकट झोपेतच वाहून गेली. त्यानंतर पाणी मूळ पात्रात परतलंच नाही. पाट्या काढून टाकायचं कुणाचं मन होत नाही.

"नदी सरकली, बाई," ती म्हणाली. "ओळ आहे तिथेच आहे."

ट्रेलर सापडला नाही. कूनला त्यांनी काहीतरी सांगून टाकलं, चाक मोडलं, विकला वगैरे. कूनने पहिल्यांदाच थट्टा केली नाही. बेरेंडच्या मनगटावरचे दातांचे व्रण भरून आले. डॉक्टरांनी तपासून पाठ थोपटली. हृदय अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं चाललंय म्हणाले. रोलिनने घरी येऊन मुलीला फोनवर हे सांगितलं आणि सांगता सांगता रडली. आपण त्याला परत आणलं, हे तिला तेव्हा कुठे पटलं.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ती जेवणाची भांडी विसळत होती. पाठीला गार वारा लागला. घराचं मागचं दार उघडं असणार. दाराबाहेर हातभर अंगण आणि त्यापलीकडे कालवा. त्या मुलखात प्रत्येक घरामागे असतो तसाच. हात पुसत ती बोळात आली.

बेरेंड दाराकडे पाठ करून उभा होता. दोन्ही मुठी छातीपुढे आवळलेल्या. त्याने एक पाऊल मागे टाकलं, चाचपून, सावकाश. मग दुसरं. चेहऱ्यावर तेच समाधान होतं आणि तो थेट तिच्याकडे बघत होता.

"येऊ दे," तो तिला म्हणाला. "जरा डावीकडे... हां. येऊ दे."

त्याला हाक मारायची, धावत जाऊन कोट धरायचा, पुन्हा चावायचं, वाटेल ते करायचं, असं तिच्या मनात आलं. पण हात मोकळे नव्हते. ते कधी वर उचलले गेले, तिला कळलंच नव्हतं. दोन्ही तळवे पुढे टेकलेले होते, आणि तळव्यांखाली गार, ओला पत्रा होता. तो पुढे सरकत होता. तिची पावलं त्याच्यामागून आपोआप पडत होती.

बोळ अरुंद होता, तरी तिच्या दोन्ही खांद्यांना कुणाचेतरी खांदे लागत होते. मान वळवून बघायचं धैर्य तिला झालं नाही.