नावापाशी अडलं घोडं

उर्वशी त्या दुकानात पहिल्यांदा शिरली ती पावसामुळे, कामामुळे नाही. पोळ्याच्या आधीचा बाजार, घाटंजीच्या बसस्टँडसमोर झुली-घुंगरं घेणाऱ्यांची ही गर्दी, आणि तेवढ्यात आभाळ फाटलं. तिच्या छातीशी बीसीएच्या मार्कशीटांची फाइल होती. ओढणी तिने फाइलवर टाकली, स्वतः चिंब झाली आणि समोर दिसेल त्या पत्र्याखाली धावली. काउंटरमागच्या पोराने एक नजर तिच्याकडे टाकली, एक फाइलकडे, आणि मॉनिटरवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर पुढे केलं.

"हे फाइलले घाला," तो म्हणाला. "तुमी वाळून जासान. मार्कशीट नाही वाळत."

तो प्रफुल्ल. मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं ते दुकान त्याचंच. आता एवढ्याशा गोष्टीवरून कुणी प्रेमात पडतं का? पडतं हो, चांगलं धाडकन पडतं. फक्त कबूल करत नाही.

दसऱ्याला तिने त्याच्याकडूनच जुना लॅपटॉप घेतला. त्याने तो पुसूनबिसून, सगळं नव्याने टाकून तयार ठेवला होता. घरी आणल्यावर आईने, रुखमाबाईंनी, त्याला हळदकुंकू लावलं. चालू केला तर पडद्यावर मराठीत, ठसठशीत अक्षरांत — उर्वशी. तिला वाटलं, हा सगळ्याच गिऱ्हाइकांना असं करून देत असेल. तरी ती बराच वेळ त्या नावाकडे बघत बसली.

मग काय, लॅपटॉपला आजारपणं सुरू झाली. कधी चार्जरची पिन ढिली, कधी बटण अडकतं. दुरुस्ती पाच मिनिटांची आणि गप्पा तासाच्या. तो तिला प्रोग्रामर मॅडम म्हणायचा, ती म्हणायची की अजून तर शिकूनच राह्यली. भर थंडीत त्याचा फोन यायचा, मशीन गरम तर होत नाही ना? ती म्हणायची, होते थोडी. होत नाही हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

असंच गोडीगुलाबीत चाललं असतं, पण होळीच्या तोंडावर नागपूरच्या एका कंपनीचा निरोप आला. स्वतःच्या मशीनवर डेटाबेस बसवायचा, त्यांनी पाठवलेली माहिती त्यात भरायची आणि ठरल्या दिवशी दुपारी चारला कॅमेऱ्यासमोर चालवून दाखवायची. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर… तिने बाबांना शब्द देऊन ठेवला होता, हा शेवटचा प्रयत्न, मग गुमान लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाईन.

आणि डेटाबेस बसेना. हिरवी पट्टी सरकत सरकत अगदी टोकाला यायची आणि तिथेच घोडं पेंड खायचं. लाल अक्षरांत एकच उत्तर — बसवता आला नाही. तिने काढून पुन्हा टाकला. अँटिव्हायरस बंद केला. पोर्टचा नंबर बदलला. सी ड्राइव्ह सोडून डी ड्राइव्हवर टाकून पाहिला. इंटरनेटवर जो जे सांगेल ते केलं, फक्त उपास धरायचा तेवढा राहिला. शेवटी ठरल्या दिवशी सकाळीच ती लॅपटॉप कवटाळून प्रफुल्लच्या दुकानात आली. अवकाळीच्या वाऱ्याने घरची लाइन आदल्या संध्याकाळीच गेली होती आणि त्याच्याकडे इन्व्हर्टर होता.

प्रफुल्लला मशीन खोलता यायचं, पण डेटाबेस त्याच्याही डोक्यावरून जायचा. त्याने तिला आतली खुर्ची दिली, चहा सांगितला आणि स्वतः एका मोबाइलला काच बसवत उभा राहिला. आज चेष्टा नाही, प्रोग्रामर मॅडम नाही, काही नाही. एरवी त्या चेष्टेने ती लटकं चिडायची, आज ती नाही म्हणून खरोखर टोचलं.

बाहेर बाजार भरला होता. लसूणवाल्याचा भोंगा कोकलत होता, पत्रे वाऱ्याने थडथडत होते, आणि उर्वशीची हिरवी पट्टी पुन्हा तिथेच अडली होती. दुपार झाली तेव्हा तिने ते केलं जे नवशिका नेहमी सगळ्यात शेवटी करतो. मशीन आपली चूक ज्या फाइलीत स्वतःच लिहून ठेवतं, ती लॉगची फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून नीट वाचली. तिथे लिहिलं होतं की तात्पुरत्या फायली ठेवायची जागाच सापडत नाही. त्या जागेच्या पत्त्यात तिचं नाव यायला हवं होतं. नावाच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं होती.

ती बघतच राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लॅपटॉपवरचं तिचं खातं उघडलं गेलं होतं मराठी नावाने, म्हणून आतलं फोल्डरही मराठी नावाचं, आणि डेटाबेस बसवणाऱ्या त्या प्रोग्रामला मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. ज्या नावाकडे बघून ती रोज सकाळी हसायची, तेच आडवं आलं होतं.

शेजारी दुरुस्तीला आलेला एक लॅपटॉप उघडा होता. त्यावर नाव होतं, युजर. त्याच्या पलीकडच्यावरही युजर.

"तुमी सगळ्याइचं नाव मराठीत टाकता ना?" तिने विचारलं.

"नाही… युजर टाकतो. नाहीतर अ‍ॅडमिन."

"मंग माह्यंच काहून मराठीत टाकलं?"

त्याच्या हातातली काच वाकडी बसली. काचेखाली हवेचा हा मोठा बुडबुडा. तो अंगठ्याने दाबत राहिला आणि बुडबुडा इकडून तिकडे पळत राहिला.

"चांगलं दिसत होतं," तो खालच्या मानेने म्हणाला. "मराठीत… तुमचं नाव."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिला या एका वाक्यावर महिना काढता आला असता. आज तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि सगळं सांगितलं, नाव काय, फोल्डर काय, प्रश्नचिन्हं काय. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. म्हणजे दोन दिवसांपासून तुमचं काम माझ्यामुळे अडलं, असं तो दोनदा म्हणाला. सगळं पुसून नव्याने टाकून देतो म्हणाला. तेवढा वेळ नाही, ती म्हणाली, दुसरं खातं उघडलं की झालं. मग तो उगाच काउंटर पुसायला लागला, फडकं टाकलं, पुन्हा उचललं.

"एक सांगू का… काल तुमचा फोन आला ना, का बसून नाही राह्यलं म्हणून. तवा मले बरं वाटलं."

"काय?"

"वाटलं, नाही झालं तर तुमी इथीच राहसान. मंग लाज वाटली स्वतःचीच. पण वाटलं होतं, ते खोटं कायले बोलू."

उर्वशीला राग आला, आणि चांगला सणसणीत आला. ती रडकुंडीला येऊन याला फोन करत होती आणि याला तिकडे बरं वाटत होतं! आणि त्याच रागाच्या पोटात दुसरंही काही ढवळलं. इथेच राहावं असं आजवर तिला कुणी म्हटलंच नव्हतं. घरचे म्हणत होते, कुठे तरी लाग एकदाची.

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि नवीन खातं उघडायला घेतलं. मशीनने नाव विचारलं. स्वतःचं नाव इंग्रजीत टाकायचं, एवढं सरळ काम. तिने बोटं ठेवली आणि खाडखाड टाइप केलं — प्रफुल्ल. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

"हे काय?" त्याने विचारलं.

"तुमी विचारलं होतं मले, माह्यं नाव टाकतानी?"

रागातच टाकलं होतं तिने, यात शंका नाही. पण रागाच्या भरात माणूस शिव्या देतं, दगड मारतं, कुणाचं नाव लिहीत बसत नाही.

पुन्हा पहिल्यापासून. हिरवी पट्टी निघाली. अर्ध्यावर आली, टोकाला आली, नेहमीच्या जागी थांबली. मग पट्टी हळूच पुढे सरकली आणि काम झाल्याची खूण उमटली. उर्वशीच्या जिवात जीव आला, पण हसायला सवड नव्हती. पाठवलेली माहिती भरायची होती आणि घड्याळ चाराकडे पळत होतं.

चाराला थोडा अवकाश असताना वाऱ्याने कुठे तरी फांदी पाडली आणि इंटरनेटची वायर तुटली. इन्व्हर्टर चालू, इंटरनेट गुल. प्रफुल्ल एका झेपेत बाहेर गेला. लसूणवाल्याच्या हातापाया पडून भोंगा बंद करवला, शटर अर्धं ओढलं आणि स्वतःच्या मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून दिलं. दुकानात रेंज एकाच जागी यायची, दाराच्या चौकटीपाशी, तेही मोबाइल डोक्याच्या वर धरला तर. तो तिथे हात वर करून उभा राहिला. बाहेर थेंब पडायला लागले होते, त्याची अर्धी बाही भिजत होती. तिने एकदा मान वळवून पाहिलं आणि पुढे बघितलं.

पडद्यावर नागपूरच्या मॅडम आल्या. चष्मा कपाळावर, आवाज शांत, आणि तोच जास्त भीती घालणारा. उर्वशीने माहिती उघडून दाखवली, विचारलं ते शोधून दाखवलं. सगळं बरं चाललं होतं. मग मॅडमनी चष्मा खाली घेतला.

"फाइलच्या पत्त्यात प्रफुल्ल असं नाव दिसतंय. हे कोण? काम तुम्हीच केलंय ना?"

उर्वशीला वाटलं, आता ही बाई म्हणणार, दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्याचं काम दाखवते. रागाच्या एका झटक्यात टाकलेलं नाव सगळं घेऊन बुडणार. तिने मशीन आपलंच असल्याचं सांगितलं. आधीच्या खात्यात नाव मराठीत होतं, त्यामुळे डेटाबेस बसत नव्हता, लॉग वाचल्यावर ते कळलं, म्हणून हे दुसरं खातं.

"ठीक. पण मग स्वतःचं नाव इंग्रजीत टाकायचं. यांचं कशाला?"

दारातला हात हलला असावा, कारण मॅडमचं चित्र क्षणभर गोठलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा त्या तशाच उत्तराची वाट बघत होत्या. उर्वशीने ओढणीचं टोक मुठीत धरलं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरंच बाहेर आलं.

"मॅडम… ज्याच्यामुळे अडलं होतं, त्याच्याच नावाने चालवून बघायचं होतं."

"चाललं का?"

"हो. चाललं."

मॅडमच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. पण सोडलं नाही त्यांनी. आता हे सगळं काढून टाका, म्हणाल्या, आणि माझ्यासमोर पुन्हा उभं करा, का करताय ते सांगत सांगत. उर्वशीने काढलं. नव्याने बसवलं, माहिती भरली, प्रत्येक पायरीला काय आणि का ते सांगितलं. दोन दिवस तिने जेवढ्या चुका केल्या होत्या, त्या सगळ्या आता कामाला आल्या. इकडे प्रफुल्लचा हात खांद्यातून कापायला लागला, त्याने दुसऱ्या हाताचा टेकू दिला, पण मोबाइल खाली आणला नाही.

"एक तारखेला नागपूरला या," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आणि त्यांना सांगा, हात खाली घ्या आता. आरशात दिसताहेत मघापासून."

तिच्या मागे कपाटाला आरसा होता. पडदा काळा झाला आणि दुकानात पत्र्यावरच्या पावसाचा तेवढा आवाज उरला. प्रफुल्लने हात खाली घेतला. अभिनंदन म्हणाला, चांगलं झालं म्हणाला, पण डोळे जमिनीवर. मग कामाचं बोलल्यासारखं त्याने विचारलं की जुनं मराठी नावाचं खातं आता काही कामाचं नाही, काढून टाकू का?

उर्वशी उठली. नाही म्हणायच्या आधी तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि त्याच्या समोर धरला. पडद्याच्या कोपऱ्यात दोन खाती दिसत होती. वरचं उर्वशी, खालचं प्रफुल्ल.

"राहू दे," ती म्हणाली. "नागपूरले रोज सकाळी उघडीन, तवा दोनी नावं दिसतीन."

"अन् मी? मी इथीच?"

"तू एसटीनं येजो. मशीन गरम होते माह्यी."

तू म्हणाली ती, पहिल्यांदाच, आणि ते दोघांनाही एकदमच कळलं. तो हसला. भिजलेल्या बाहीने त्याने कपाळ पुसलं आणि खालच्या त्या इंग्रजी नावाकडे बोट केलं.

"हे माह्यं मराठीत नाही जमत का टाकता?"

"मशीनमध्ये नाही जमत," उर्वशी म्हणाली. "लग्नपत्रिकेत टाकू."