दहाव्याच्या पिठाचा नमुना

आमच्या विभागातलं यंत्र घन पदार्थातले रेणू कसे बसलेत आणि किती हलतात, ते मोजतं. काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरा जाड नळीत नमुना ठासायचा, टोपण लावायचं आणि नळी चुंबकात तिरकी धरून सेकंदाला दहा हजार वेळा फिरवायची. त्या तिरपेपणाला शास्त्रात खरोखर 'जादूचा कोन' म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही.

जळगावला विद्यापीठात मी हेच करतो. आबा, माझे वडील, गेले तेव्हाही हेच करत होतो. धुळ्याजवळच्या आमच्या गावी पोचलो, तोवर सरण विझलं होतं.

दहाव्याला संध्याकाळी मायने ताटात ज्वारीचं पीठ सपाट केलं, शेजारी दिवा लावला, वर टोपली झाकली. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल दिसेल त्या जन्माला माणूस गेला, असं धरतात. शेजारच्या पुनानानांच्या वेळी मांजराचं निघालं होतं. घरात मांजरही होतं, पण तो विषय कोणी काढला नाही.

आबांच्या पिठावर काहीच नव्हतं.

"म्हंजे गयातच नहीत," माय म्हणाली. गेलेच नाहीत. पुढ्यातली भाकरी तिने सारली. "तुना मशीनमा देख, भटू. समजत नही तवलोंग मी जेवाव नही."

ताटातलं पीठ पुडीत बांधून मी जळगावला आलो.

"सरांना काय सांगशील?" मेघाने विचारलं. यंत्र आम्ही दोघंच चालवतो.

"स्टार्च."

"आणि आईला?"

पहिला आलेख स्टार्चचाच आला. मग नमुना उणे ऐंशीपर्यंत गार केला. या थंडीत पिठातली हालचाल थांबते, आलेखातल्या रेघा पसरट होतात. झाल्या. एक मात्र बारीक, ताठ उभी राहिली. काहीतरी अजून हलत होतं.

मेघाने दुकानातलं ज्वारीचं पीठ लावून पाहिलं. ते मुकाट गोठलं.

"यंत्रात दोष नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

आबांचं पीठ पुन्हा लावलं. दोन दिवस नळी फिरत होती. रेघ तशीच ताठ होती. लिलाबाई मावशीचा फोन आला, "तुनी माय नुसती चहावर शे रे."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नळी थांबवून टोपण काढलं. फिरून फिरून पीठ कडेला दाबलं जातं, मधे पोकळी पडते. हे नेहमीचंच. मी नळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

पोकळीच्या भिंतीवर पावलं होती.

माणसाची. अनवाणी. एकामागे एक, गोल, गोल. बाहेर पडणारं एकही नव्हतं.

मेघानेही डोकावून पाहिलं.

"टोपण तू लावलंस," ती म्हणाली.

फोन वाजला. माय.

"काय निंघनं?"

"गयात, माय."

"खरंच?"

"खरंच."

ताट ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ ती नुसती चावत होती.

फोन ठेवला. टोपण टेबलावर उलटं पडलं होतं. आतल्या बाजूला पीठ लागलेलं. मी तेही भिंगाखाली धरलं.

तळहात होते. दोन्ही. एकावर एक, कितीतरी वेळा.