ताईचा चष्मा

नव्या चष्म्याबद्दल कुणी कुरकुर केली की चष्मेवाल्याचं उत्तर ठरलेलं असे, "सवय होईल." तीन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीलाही त्याने फोनवर तेच ऐकवलं होतं. पायऱ्या हलताना दिसतात, म्हणत होती बिचारी. "येत्या रविवारी येऊन बघतो, ताई," असंही तो म्हणाला होता. तो रविवार काही उजाडला नाही. पुढे तिचे फोनही बंद झाले आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं.

परवा दुकानातली गिऱ्हाइकांच्या नंबरांची जुनी कार्डं चाळताना ताईचं कार्ड हाती आलं आणि चूक कळली. उजव्या डोळ्याची काच त्याने डावीकडे बसवली होती आणि डाव्याची उजवीकडे. नवशिक्याही असं करत नाही.

नवा चष्मा खिशात घालून तो रविवारी दुपारी गाडीत बसला. शहरापासून जेमतेम पाऊण तास. स्टेशनाबाहेर सगळी झाडंच झाडं, त्यांच्या सावलीत बैठी घरं, आणि ताईच्या गल्लीच्या टोकाला राष्ट्रीय उद्यानाचं तारेचं कुंपण. त्यापलीकडे नुसतं जंगल. एवढ्या जवळ असून आपण आलो नाही, याची त्याला लाज वाटली.

शेजारच्या बाई बागेला पाणी घालत होत्या. त्याला बघून चमकल्या.

"अहो, आत्ताच तर आत गेलात! बाहेर कधी पडलात?"

"मी? मी पहिल्यांदाच येतोय."

"दर रविवारी येता आणि वर आमचीच थट्टा!" बाई हसल्या.

बाईंची दुसऱ्या कुणाशी तरी गल्लत होत असेल, म्हणत त्याने घंटा वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. ताईचे केस पांढरे झाले होते.

"ताई, चुकलंच गं माझं."

"कोण पाहिजे आपल्याला?"

सख्ख्या बहिणीने 'आपल्याला' म्हणावं! त्याने खिशातला चष्मा काढून पुढे धरला. "अगं, मी! तुझ्या काचांची अदलाबदल झाली होती..."

"ती माझ्या भावाने केव्हाच दुरुस्त केली. इथेच बसून. माफी मागताना रडला बिचारा."

त्याने तिच्या चष्म्याकडे बघितलं. लहानपणी पडल्यापासून ताईचं नाक जरा वाकडं. म्हणून फ्रेम डावीकडे किंचित वळवावी लागे. ती तशीच वळवलेली होती. वळवलेल्या जागी बारीक चरा होता. त्याच्या चिमट्याचा एक दात तुटका होता, त्याचा तसाच चरा उठायचा.

चिमटा दुकानात होता. कुलपात.

"कोण आहे गं, ताई?" आतून आवाज आला. त्याचा स्वतःचा.

"कोणी नाही रे. पत्ता चुकलेत."

दार लागलं. तो पायरीवर तसाच उभा राहिला.

"आता हा दर रविवारी येईल, ताई," आतला आवाज समजुतीने म्हणाला. "उघडू नकोस."