ताबा

सकाळी निघताना मुलीने मला जिन्यात अडवलं. हातात टोस्ट, केस अजून विंचरलेले नाहीत.

"बाबा, उद्या टेस्ट आहे. आज संध्याकाळी गाडी चालवायला बसायचंय. विसरलास तर बघ."

"मी कधी विसरलोय?"

"तू विसरत नाहीस, तू दमतोस," ती म्हणाली. खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं.

मागच्या टेस्टला ती नापास झाली होती. गाडी चालवता येत नव्हती म्हणून नाही. समोरून एक बस आली, हिच्या तोंडचं पाणी पळालं आणि हिने चक्क दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून डोळ्यांवर घेतले. परीक्षकाने पाय ब्रेकवर मारला म्हणून निभावलं. ते ऐकून माझी रात्रभर झोप उडाली होती. एकुलती एक पोर, तिला असं कसं रस्त्यावर सोडायचं?

शेवटी मी तिला आमचा, वैमानिकांचा नियम शिकवला. विमानात आम्ही दोघं असतो आणि विमान एका वेळी एकाच्याच हातात असतं. ज्याला घ्यायचंय तो म्हणतो, "ताबा माझ्याकडे." दुसरा म्हणतो, "ताबा तुझ्याकडे," आणि मगच हात सोडतो. उत्तर आल्याशिवाय ताबा बदलत नाही. घाबरलीस तर नुसते हात सोडायचे नाहीत, ताबा द्यायचा, मी शेजारून स्टिअरिंग धरेन, असं तिला बजावलं. महिनाभरात ते तिच्या अंगात इतकं मुरलं की जेवताना पाण्याचा जगसुद्धा ती असाच देऊ लागली. बायको कपाळाला हात लावायची.

माझ्या या कडक शिस्तीमुळे कंपनीतले सगळे मला पाठीमागे हेडमास्तर म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी एकच काम होतं, एक लांबची फेरी, जाऊन यायचं. माझ्याबरोबर को-पायलट म्हणून एक हुशार मुलगी होती, वर्षभरापूर्वीच भरती झालेली. केबिनची प्रमुख आमची काकू. ती कुणाचीच काकू नाही, पण तिच्या हातचा चहा आणि तिची बोलणी सगळ्यांनी खाल्लेली आहेत.

ढगांच्या वर आल्यावर मी टॉयलेटला जायला उठलो. कॉकपिटमध्ये वैमानिकाला एकटं ठेवायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. आमच्यातला एक बाहेर गेला की काकू आत येते आणि आमच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसते. ही खुर्ची भिंतीला लावलेली असते. खाली ओढून बसायचं. तिला स्प्रिंग इतकी ताठ आहे की माणूस उठला रे उठला की ती खटकन मिटते. नवखी पोरं तिच्यात बोटं चेमटून घेतात.

मी परत आलो तेव्हा काकू बाहेरच, चहा ओतत होती.

"अहो, तुम्ही इथे काय करताय? ती आत एकटी आहे!"

"तुम्हीच तर आत्ता आतून फोन केलात," काकू म्हणाली. "येऊ नका म्हणालात. आत माणूस आहे म्हणालात."

मी फोनला हातही लावला नव्हता. पण भर विमानात काकूशी वाद कोण घालणार? मी आत शिरलो.

को-पायलट ताठ बसली होती, नजर समोर. मागची खुर्ची खाली होती. उघडी, सपाट, आणि तिच्यावर कुणीही नव्हतं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग मी माझ्या जागेवर बसलो, आणि मागे खट्ट झालं. खुर्ची मिटली होती.

"स्प्रिंग गेलेली दिसते," मी म्हणालो.



उतरल्यावर मेकॅनिकला बोलावलं. त्याने खुर्ची चारदा ओढली, चारदा ती त्याच्या हातातून निसटून भिंतीवर आपटली. "साहेब, हिला काही झालेलं नाही. उलट हिच्यात मान सापडली तर जाईल," तो म्हणाला आणि हसत निघून गेला.

प्रवासी चढायच्या आधी को-पायलट हळूच म्हणाली, "सर, मगाशी तुम्ही बाहेर गेलात, आणि मला वाटलं लगेच परत आलात. मागे बसलात. पट्टा लावल्याचा आवाज आला. मी वळून नाही बघितलं."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात, ताबा माझ्याकडे."

एसीची झुळूक मानेवर येत होती. मी हात लांबवून ती बंद केली.

"तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. मला कळेना, मागे बसलेला माणूस ताबा कसा घेईल? म्हणून गप्प बसले. तुम्ही दोनदा म्हणालात. तुमचाच आवाज होता, सर."

नियमाप्रमाणे हे वर कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर तिला आवाज ऐकू येतात अशी नोंद झाली असती, डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू झाल्या असत्या आणि तिचं उडणं तिथेच संपलं असतं. माझंही कदाचित, कारण उघडी खुर्ची मी बघितली होती. तिचे डोळे भरून आले होते. "सर, प्लीज," एवढंच ती म्हणाली.

"झोप काढ घरी जाऊन," मी म्हणालो. "कान वाजतात कधी कधी." आयुष्यभर नियम नियम केलं आणि नेमकी त्याच दिवशी मी हेडमास्तरकी सोडली.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही जागचे हललो नाही. काकूने चहा विचारला, तोही नको म्हणालो. खुर्ची मिटलेली होती. मी अधूनमधून वळून खात्री करत होतो.

उतरताना वारा आडवा होता. विमान माझ्या हातात होतं. धावपट्टी समोर आली, मोठी होत गेली आणि अगदी शेवटी वाऱ्याचा एक जोरदार तडाखा बसला. डावा पंख खाली गेला.

"ताबा माझ्याकडे," उजवीकडून तिचा आवाज आला. शांत, स्पष्ट.

"तुझ्याकडे," मी म्हणालो आणि हात सोडले.

विचार केला नाही. अशा वेळी विचार करायचा नसतो, म्हणून तर नियम.

विमान सरळ झालं. चाकं कधी टेकली कळलंसुद्धा नाही. इतक्या हलक्या हाताने मी उभ्या आयुष्यात विमान उतरवलेलं नाही. मागून टाळ्या ऐकू आल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"शाब्बास," मी तिला म्हणालो. "काय उतरवलंस!"

तिने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही हात मांडीवर होते, बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली.

"मी कुठे, सर? तुम्हीच मधेच 'तुझ्याकडे' म्हणालात. मी तर तोंडही उघडलं नव्हतं."

आम्ही दोघंही एकदम मागे वळलो.

खुर्ची खाली होती.

विमान थांबलं. मी इंजिनं बंद केली. मागे पट्टा सुटल्याचा बारीक आवाज झाला आणि खुर्ची खटकन मिटली, कुणी उठलं की मिटते तशी.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून गच्चीवर होतं. मुलगी किल्ली घेऊन फाटकातच उभी.

"आज राहू दे का?" मी म्हणालो.

"बाबा! उद्या टेस्ट आहे!" तिचा आवाज चिरकला. "परत नापास झाले तर मी पुन्हा गाडीला हात लावणार नाही, सांगून ठेवते."

मी तिच्या शेजारी बसलो. मनाशी ठरवलं होतं, निघायच्या आधी सांगायचं की ते ताब्याचं आजपासून बंद. का, ते विचारू नकोस. पण पोरीने आरसा नीट केला, पट्टा लावला, माझ्याकडे बघून हसली. इतक्या दिवसांनी तिला न घाबरता बसलेली बघत होतो. चौकापर्यंत जाऊन सांगू, असं म्हटलं.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. ती छान चालवत होती.

मागच्या सीटवर पट्ट्याचा खटका वाजला.

मी वळलो. मागे कुणी नव्हतं. पट्टा मात्र सीटवरून आडवा गेलेला होता, ताणलेला.

"पोरी," मी म्हणालो, "ऐक, गाडी बाजूला..."

समोरून बस आली. हॉर्न वाजला. तिचे खांदे वर गेले.

"ताबा माझ्याकडे," मी म्हणालो.

मी म्हणालो नाही. माझे ओठ मिटलेले होते.

"तुझ्याकडे," ती म्हणाली आणि शिकवल्याप्रमाणे हात सोडले.

गाडीने बसला सफाईने वाट दिली. मुलीने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "बघ, यावेळी घाबरले नाही मी. तुझ्याकडे दिला की काही वाटतच नाही."

माझे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर होते.

मी हात लांबवून स्टिअरिंग धरलं. ते हललं नाही. दुसऱ्या वैमानिकाने घट्ट धरून ठेवलं असलं की सुकाणू जसं जड लागतं, तसं.

"ताबा माझ्याकडे," मी म्हणालो. आता खरंच मीच. पुन्हा म्हणालो, मोठ्याने.

मागून उत्तर आलं नाही.

"बाबा, आपलं वळण गेलं की," मुलगी हसत म्हणाली. "कुठे नेतोयस?"

आमचं घर डावीकडे होतं. उजवीकडे वळायचा दिवा टिकटिकायला लागला.