टेलचं पाणी

मेंदूतलं कौशल्य मोजणाऱ्या कौशल्यदर्शी यंत्राच्या खुर्चीत बसताना केतकी वाघचौरेने तळहात ओढणीला पुसले. नाशिकच्या त्या प्रयोगशाळेत ती बाराव्या अर्जानंतर पहिल्यांदाच मुलाखतीसाठी आली होती. आधीच्या अकरा ठिकाणी तिचा अर्ज वाचूनच नकार आला होता. दीड वर्षाचा अनुभव, दोन लहानसे प्रकल्प आणि बंद पडलेली एक कंपनी, एवढीच तिची पुंजी.

समोर दोघं बसले होते. मेंदूविज्ञानाच्या डॉ. उल्का तांबोळी आणि कंपनीचे मुख्य अभियंता प्रभंजन शिरोडकर. धरणांचे दरवाजे चालवणारी संगणकाची आज्ञावली शिरोडकरांनी उभारली होती. सहा धरणांखालची गावं तिच्या भरवशावर झोपत.

उल्काताईंनी तिच्या डोक्यावर संवेदकांची जाळी बसवली. "घाबरू नको. तू लिहिलेली आज्ञावली पडद्यावर सरकेल, तू फक्त वाचायची. एखादी गोष्ट माणूस स्वतः चुकतमाकत शिकला की मेंदूत तिची पायवाट तयार होते. ओळखीची ओळ दिसली की मेंदूच्या नकाशावर ती पायवाट उजळते. अर्जात काहीही लिहिता येतं, पण पायवाट खोटी पाडता येत नाही."

पहिला प्रकल्प सरकू लागला. ग्रामीण रुग्णालयातल्या रांगेची आज्ञावली होती. नकाशा काळाच राहिला.

"हे तुम्ही लिहिलंय ना?" शिरोडकरांनी विचारलं.

"सर, सहलेखकानं लिहिलं. मी काय हवं ते सांगितलं आणि चालवून पाहिलं." केतकीचा आवाज बारीक झाला. "आता सगळेच तसं करतात."

सहलेखक म्हणजे आज्ञावली लिहून देणारं यंत्र. केतकीच्या पिढीला त्याच्याशिवाय काम ठाऊकच नव्हतं.

दुसरा प्रकल्प तिच्या संगमनेरजवळच्या गावातल्या पाणीपाळीचा होता. कालव्याचं पाणी कोणत्या शेताला किती वेळ सोडायचं, ते तो ठरवायचा. शेकडो ओळी अंधारात गेल्या आणि मग नकाशाचा एक कोपरा लख्ख उजळला. उल्काताई पुढे झुकल्या. "इथे काय आहे?"

"सहलेखकानं प्रत्येक शेताला सारखा वेळ दिला होता, मॅडम. पण शेतांकडे पाणी नेणाऱ्या चारीच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या शेतापर्यंत, पाणी पोचायलाच पाऊण तास जातो. तिथल्या लोकांच्या वाट्याला नुसता ओलावा यायचा. कागदावर सगळं बरोबर होतं. मी नऊ दिवस घड्याळ घेऊन चारीवर उभी राहिले. तीनदा हिशेब चुकला. टेलच्या सखूमावशींनी तर मला बांधावरून हाकललं होतं. मग या सात ओळी हातानं लिहिल्या."

"दीड वर्षात सात ओळी!" शिरोडकर खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता, थकवा होता. "नियमाप्रमाणे चाळीस टक्के उजेड लागतो, डॉक्टर. हिचा दोनही नाही. मुलगी प्रामाणिक आहे, पण धरण आहे हे."

"चाळीस टक्के कशाचे?" उल्काताई म्हणाल्या. "ती पट्टी तुमच्या मेंदूवरून ठरवलीय, अकरा वर्षांपूर्वी. ताज्या मोजणीसाठी मी तीन वेळा पत्र पाठवलं. तुम्हाला सवड झाली नाही."

"मग आत्ता करा," शिरोडकर हसले आणि केतकीनं रिकाम्या केलेल्या खुर्चीत जाऊन बसले.

केतकी जाळी उतरवून दाराकडे निघाली होती. उल्काताईंनी तिला हातानंच थांबवलं आणि जाळी शिरोडकरांच्या डोक्यावर बसवली.

धरणाच्या दरवाजांची आज्ञावली पडद्यावर आली. बत्तिसाव्या वर्षी रात्रीचा दिवस करून शिरोडकरांनी ती एकट्यानं लिहिली होती. पहिलं पान सरकलं. नकाशा काळा. दहावं, चाळिसावं, सगळी काळीच. शिरोडकर ओठ हलवत वाचत होते. परक्या गावातल्या पाट्या वाचाव्यात तसे.

"यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

उल्काताईंनी तीच जाळी केतकीच्या डोक्यावर बसवून तिला तिच्या सात ओळी पुन्हा दाखवल्या. तोच कोपरा तसाच लख्ख उजळला. यंत्र ठीक होतं.

"वापर थांबला की पायवाटेवर गवत उगवतं, सर," त्या हळूच म्हणाल्या. "गेल्या दहा वर्षांत तुम्ही स्वतः किती ओळी लिहिल्यात?"

शिरोडकर मनात आपली माणसं मोजू लागले. त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती आणि निवड झाल्यापासून ती सगळी सहलेखकाकडूनच लिहून घेत होती. दरवाजा अडला तर सहलेखकाचं उत्तर बरोबर की चूक, हे सांगू शकेल असं कुणीच उरलं नव्हतं. ते स्वतःही नव्हते. केतकीनं उतरवलेली जाळी त्यांनी मांडीवर घेतली.

"केतकी," अखेर त्यांनी विचारलं, "तीनदा चुकल्यावर चौथ्यांदा जावंसं का वाटलं तुला?"

"पाणी पोचलं नव्हतं ना, सर."

सोमवारी केतकी कामावर रुजू झाली. रोज सकाळी दोन तास सहलेखक बंद ठेवायचा आणि जुनी आज्ञावली ओळ न् ओळ हातानं पुन्हा लिहायची, हे शिरोडकरांनीच ठरवलं. ते तिच्या शेजारच्याच टेबलावर बसत. पहिल्या आठवड्यात त्यांचे हात कळफलकावर नुसते ठेवलेले असत, आणि केतकी तिकडे न पाहता आपलं काम करी.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी लिहिलेल्या ओळींवर चालवलेला पहिला दरवाजा चाचणीत उघडायच्या ऐवजी बंद झाला. खोलीत कुणी हसलं नाही. शिरोडकर लाल झाले, पुटपुटले, चूक शोधायला वाकले आणि जेवणाची सुट्टी संपली तरी उठले नाहीत.

संध्याकाळी उल्काताईंनी त्यांची मोजणी केली. काळ्या नकाशात, मोहरीएवढा, एक ठिपका उजळला होता.