पाइप नसलेला नळ

टेबलावरच्या त्या नळाकडे तुम्ही मघापासून बघताय. हात लावू नका, सांगतो.

मे महिन्यात सेलूच्या पुढे एका वस्तीत मी त्याचा फोटो काढायला गेलो होतो. पस्तीस वर्षं बातमीदारी केली, पाण्याच्या बातमीशिवाय एक उन्हाळा गेला नाही. वस्तीत चाळीस घरं. प्रत्येक अंगणात सिमेंटचा निळा खांब, त्यावर चकचकीत नळ. खाली पाइप नाही. पाणीपुरवठा खात्याच्या साहेबांनी नळाशेजारी बायका उभ्या केल्या, फोटो काढले, योजना पूर्ण झाली!

दुपारचा एक वाजत आला होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शेवटच्या घराच्या दारात वच्छलाबाई बसली होती.

"काढा भाऊ, फोटो काढा," ती म्हणाली. "नवरदेवाचे निघत नाई इतके फोटो निघाले याचे."

आत बाजेवर तिची नात काजल पडली होती. सात वर्षांची. हगवणीनं डोळे खोल गेलेले. आदल्या दिवशी दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, घोट घोट पाणी देत राहा, खंड पडू देऊ नका. आणि वस्तीत सहा दिवस टँकर नव्हता.

"मग पाजता काय तिला, मावशी?"

"येईन आता तो."

"कोण?"

"अश्वजित. दुसरं कोन येते इथं?"

अश्वजित तिचा मुलगा, काजलचा बाप. याच वस्तीतले पाइपलाइनचे चर त्यानं खोदले होते. पाइप आलेच नाहीत, काम थांबलं. मग तो सांडपाणी शुद्ध करायच्या एका बंद पडलेल्या टाकीत गाळ काढायला उतरला. दोर नाही, मास्क नाही. वर आला तो चादरीत. दोन वर्षांपूर्वीची ती बातमी मीच दिली होती. छापून आल्या चार ओळी.

वच्छलाबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

नळातून आवाज आला. पाणी यायच्या आधी नळ हवा सोडतो ना, तसाच. पण ही हवा आधी आत ओढली गेली... मग बाहेर आली. पुन्हा आत. खोल पाण्यातून वर आलेला माणूस श्वास घेतो तशी. मग करंगळीएवढी धार लागली. वच्छलाबाईनं गडवा धरला.

पाणी थंडगार होतं. वास गाळाचा. त्या टाकीच्या काठावर मी उभा राहिलो होतो, तो वास चुकणार नाही. खांबाच्या बुडाशी मी हातभर उकरलं. माती कोरडी ठाक.

"मावशी... हे पाजू नका."

"मंग काय पाजू? तुमचा पेपर?"

"वास येतो..."

"मले बी येते. पन हेच ठरते तिच्या पोटात. बाकी समदं उलटून पडते."

काजल गटागटा प्यायली आणि झोपली.

मी भांडखोर माणूस. वस्तीला पाणी मिळतं असं साहेब कागद दाखवून सांगत होते, मला त्यांच्या टेबलावर पुरावा आपटायचा होता. गाडीतला पाना काढला आणि नळ खांबावरून उतरवला. माझी पाण्याची बाटली तिथे ठेवली.

"संध्याकाळपर्यंत टँकर आणतो, मावशी. शब्द देतो."

"अन् तो उद्या आला तं कुठून येईन, भाऊ?"

मी गाडीला किक मारली.

साहेबांनी नळ उलटसुलट करून पाहिला. "माल तर उत्तम आहे. तुम्ही सरकारी मालमत्ता उपटलीत, समजतंय ना?" मी आवाज चढवला, टेबल बडवलं. सहा वाजता त्यांचा माणूस म्हणाला, टँकर निघाला. पस्तीस वर्षांत केलं नव्हतं ते मी त्या दिवशी केलं. खात्री न करता विश्वास ठेवला. घरी जाऊन बातमी लिहीत बसलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"भाऊ, टँकर नाई आला."

"आत्ता निघतो, मावशी! नळ घेऊनच येतो..."

"राहू द्या," ती म्हणाली. "काल दुपारभर इचारत होती, बाबा काऊन नाई आला म्हणून. सकाळी गेली पोरगी... नळ तुमच्याजवळच ठेवजा आता."

बातमी पहिल्या पानावर आली. साहेबांची बदली झाली, तीही सोयीच्या गावी. टँकर सुरू झाला. नळ मात्र हा इथे.

चावी मी रोज सकाळी घट्ट आवळतो. दुपारी ती थोडी सैल झालेली असते.

एक वाजत आला. पंखा बंद करा... ऐका. हा खोल श्वास त्याचा. पहिल्या दिवशी वस्तीत ऐकला तोच.

त्याच्या मागोमाग येतोय तो बारीक, घाईघाईचा... तो त्या दिवशी नव्हता.