शिडीवरून आलेलं उत्तर

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण मी मार्लिसला तीस वर्षं ओळखतो, आणि ती बाई गमतीतसुद्धा खोटं बोलत नाही.

मागच्या फेब्रुवारीतला रविवार. मिनेसोटातल्या आमच्या गावचं हौशी नाटकवाल्यांचं छोटंसं थिएटर. भरदुपार असली तरी आत काळोखच.

आत माणसं तीन. मार्लिस, तिचा नवरा आर्लो आणि नाटक बसवणारी जोलीन.

शुक्रवारी पहिला प्रयोग होता. चाळीस मैलांवरच्या एका बंद पडलेल्या शाळेने आपल्या रंगमंचाचे सहा दिवे यांना दान दिले होते. दिवे टांगून झाले होते. आता ते दोन-दोन करून जोडायचे आणि दिव्यांच्या बोर्डावरून लागतात का ते बघायचं, एवढंच राहिलं होतं.

आर्लोला ते दिवे मुळीच पसंत नव्हते. प्लग झिजलेले, वायरी वाळून कडक झालेल्या. पण मार्लिस हटून बसली. धर्माची गाय आणि दात का गं नाय, म्हणत तिने त्याला गप्प केलं.

खरं तर शाळेच्या रखवालदाराचं वागणंच तिला खटकायला हवं होतं. त्याने घाईघाईने दिवे गाडीत चढवले. मार्लिस "थँक्यू" म्हणाली...

तर तो दचकला.

नाटकवाल्यांचा एक नियम आहे. कुणी ओरडून सावध केलं की ऐकणाऱ्या प्रत्येकाने मोठ्याने "थँक्यू" म्हणायचं. ऐकलं, मी बाजूला आहे, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर आल्याशिवाय कुणी स्विचला हात लावत नाही.

मार्लिस मागच्या खोलीत बोर्डापाशी होती. मेन स्विचही तिथेच. आर्लो रंगमंचावर, शिडीवर. मध्ये काळा पडदा, त्यामुळे तो तिला दिसत नव्हता.

पहिले दोन दिवे जोडून झाले.

"करंट सोडतेय!" मार्लिस ओरडली.

आर्लोचं "थँक्यू" आलं. जोलीनचं आलं.

आणि मग... अगदी हळू...

"थँक्यू."

रिकामं थिएटर आहे, आवाज घुमणारच, असं म्हणून जोलीन हसली. मार्लिसही हसली. दिवे लागले. पुन्हा मेन स्विच बंद केला, आणि जोलीन गाडी घेऊन कॉफी आणायला गेली.

पुढचे दोन दिवे.

"करंट सोडतेय!"

आर्लोचं "थँक्यू" आलं.

आणि त्याच्या पाठोपाठ... दुसरं.

मार्लिसने खिडकीतून बघितलं. जोलीनची गाडी नव्हती.

"आर्लो, तुझ्याजवळ कुणी आहे का रे?"

"अगं, या शिडीवर मीच कसाबसा मावतोय!"

तिथेच थांबायला हवं होतं, असं ती स्वतःच म्हणते. पण दोनच दिवे राहिले होते. आणि आता थांबलं की "मी सांगत होतो ना" हे जन्मभर ऐकून घ्यायचं. तिने सगळं बंद केलं आणि आर्लोला पुढचे जोडायला सांगितलं.

दहा मिनिटं गेली.

"करंट सोडतेय!"

तिने कान टवकारले.

"थँक्यू."

एकच. आर्लोचाच आवाज. ती वाट बघत राहिली... दुसरं आलं नाही.

तिला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू.

तिने स्विच वर केला.

धप्प.

सहाही दिवे लख्ख लागले. ती पडदा सारून धावली, तर आर्लो शिडीखाली पडलेला.

जोलीन तेवढ्यात परतली, तिनेच फोन केला, म्हणून ॲम्ब्युलन्स वेळेत आली आणि माणूस वाचला. हात भाजला, कंबरेचं हाड मोडलं. तीन दिवस मार्लिस त्याच्या उशाशी बसून रडत होती. आपल्या हाताने नवऱ्याला मारलं असतं, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

चौथ्या दिवशी तो बोलला.

"तुझी हाक ऐकली मी. माझा हात अजून प्लगवरच होता. थांब, म्हणून ओरडणार होतो."

"मग तू थँक्यू का म्हणालास रे?"

त्याने मान हलवली.

"मी नाही म्हणालो. कुणीतरी मागून माझं तोंड दाबून धरलं, मार्लिस. आणि माझ्या कानापाशी... माझ्याच आवाजात..."



त्या शिडीच्या वरच्या पायरीवर दुसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा नाही. मी स्वतः जाऊन बघितलं.

दिवे उतरवले. आर्लो आता घरी आहे, काठी घेऊन चालतो. पण मार्लिसचं काही खरं नाही. आर्लोने आतल्या खोलीतून नुसती ओ दिली, तरी ती हातातलं काम टाकून उठते. त्याच्यासमोर उभी राहते, त्याला पुन्हा बोलायला लावते आणि त्याचे ओठ हलताना बघते. मगच परत येते.

परवा मी तिथे बसलो होतो, तेव्हाही ती उठली.

मला राहवेना. म्हटलं, "अगं, चाळीस वर्षांचा संसार तुमचा. त्याचा आवाज तुला ओळखू येत नाही का?"

"त्या दिवशीही ओळखलाच होता की," ती म्हणाली, आणि आत गेली.